बोट दाखवीन तिथं पास

घरात बसून व्हिडिओ गेम खेळताना अंग हलवायची टूम घराघरांत पोचली ती निन्टेन्डोच्या 'वी'पासून. नोव्हेंबर २००६ मध्ये हे यंत्र अमेरिकेत आलं, डिसेंबरात जपान आणि युरोपात, आणि पुढं ते दहा कोटींहून जास्त खपलं. टेनिस खेळायचं तर रिमोटला रॅकेट समजून फिरवायचं, बोलिंग असेल तर हात मागं नेऊन पुढं आणायचा. लोकांनी हे इतकं मनावर घेतलं की मनगटाच्या दोऱ्या तुटून रिमोट थेट टीव्हीवर जाऊन आदळायला लागले, आणि त्याच डिसेंबरात कंपनीवर ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची वेळ आली. हाताच्या खेळांचं असं झकास जमून गेलं. अडचण होती फुटबॉलची. रिमोट हातात आणि खेळ पायाचा. आता करायचं काय?

बहुतेकांनी चटकन सुचलं तेच केलं. हाताचा झटका म्हणजे लाथ, असं ठरवून टाकलं. 'फिफा ०८'ची वीवरची आवृत्ती त्याच वाटेने गेली. रिमोट झटका की फटका बसला, आणि सोबत पाहुणे आले की खेळायला छोटे पार्टी गेम. वाईट नव्हतं. पण थोडे सामने झाले की मनगट भरून यायचं, आणि फुटबॉल म्हणून ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो ते त्यात कुठं सापडायचं नाही.

कोनामी या जपानी कंपनीच्या माणसांनी मात्र मुळातच वेगळा विचार केला. त्यांची 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' (पीईएस) ही मालिका आपल्याकडच्या हॉस्टेलांत आणि सायबर कॅफेत पोरांच्या हाडीमासी खिळलेली. तिची २००८ ची वीवरची आवृत्ती जपानात 'विनिंग इलेव्हन प्ले मेकर २००८' या नावाने निघाली. त्यांनी हाताला लाथ मारायला लावलीच नाही. हाताने फक्त दाखवायचं.

म्हणजे असं. रिमोट टीव्हीकडे रोखला की मैदानावर एक खूण उमटते. बॉल ज्याच्या पायात आहे तो गडी, ए बटण दाबून धरलं की त्या खुणेच्या रोखाने धावतो. त्याच्या पायापासून खुणेपर्यंत एक बाण दिसत राहतो. बी दाबलं की पास. खूण जोडीदारावर असेल तर पास त्याच्या पायात. खूण रिकाम्या हिरवळीवर असेल तर पास रिकाम्या हिरवळीवर, आणि जवळचा कुणीतरी तिथं पोचायला पळत सुटतो. इथपर्यंत ठीक. खरी गंमत पुढं आहे. ज्याच्या पायात बॉल नाही अशा गड्यावर खूण ठेवायची, ए दाबायचं आणि त्याला हव्या त्या जागी ओढायचं. बॉल डावीकडं असतानाच उजव्या विंगेवरच्याला वर सरकवून ठेवता येतं. मधल्या फॉरवर्डला उलटं मागं खेचता येतं, म्हणजे त्याला धरून असलेला समोरचा बचावपटू, स्टॉपर, त्याच्यामागं येतो आणि मागं भगदाड पडतं. मग त्या भगदाडावर खूण ठेवून बी दाबायचं. गोलावर मारायचं असेल तेव्हा डाव्या हातातला नन्चक, म्हणजे रिमोटला वायरने जोडलेली दुसरी मूठ, झटकायचा.

नेहमीच्या पॅडवर खेळणाऱ्याला हे ऐकून काय एवढं, असं वाटेल. पण नेहमीच्या गेममध्ये तुम्ही असता तो बॉलवाला. बाकीचे दहा जण कॉम्प्युटर चालवतो. तुम्ही पास दिला की तुमचा जीव टुणकन उडी मारून पास घेणाऱ्यात जातो. सगळा सामना तुम्ही बॉलच्या शेपटीला बांधल्यागत फिरता. खऱ्या मैदानाचा हिशोब याच्या नेमका उलट असतो. सामना ९० मिनिटांचा, त्यातला बॉल प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. त्याला २२ जणांत वाटा. एकेकाच्या वाट्याला अडीच-पावणेतीन मिनिटं येतात. उरलेली सत्याऐंशी मिनिटं माणूस बॉल नसताना फुटबॉल खेळत असतो: कुठं उभं राहायचं, कुठून सटकायचं, कुणाला चकवून कुणासाठी जागा करायची. व्हिडिओ गेमने पिढ्यान्‌पिढ्या ती अडीच मिनिटंच विकली.

हे शहाणपण मला त्या गेममधून आलं असं म्हणता येणार नाही. ते माझ्या मामांकडून आलं. गेममुळे ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

मामा मिरजेचे. रेल्वेत होते, आणि तरुणपणी हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचे. आता फुटबॉल म्हटलं की आमच्या भागात सगळ्यांच्या माना कोल्हापूरकडं वळतात, आणि ते बरोबरच आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार या नावांवर तिथं भाऊबंदकी होते. वर्ल्ड कपात गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. सांगलीचं नाव घ्यायचं तर कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने निघतात, नंदू नाटेकर निघतात, विजय हजारे निघतात, आणि आता माधवनगरची स्मृती मानधना. फुटबॉल त्या यादीत नाही. तरी मिरजेत मातीच्या मैदानावर संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात आणि पूर्वीपासून खेळत आलीत, आणि मामा त्यांतले. गुडघा गेला तो तिथंच.

गुडघा गेल्यावर मामा मैदानाच्या कडेला बसायला लागले. अशी माणसं प्रत्येक मैदानाच्या कडेला असतात. भिंतीवर टेकलेली, पायात चप्पल, खिशात तंबाखूची पुडी, आणि उजवा हात सतत वर. "अरं तिकडं! तिकडं मोकळं हाय की!" बाकीचे प्रेक्षक बॉलबरोबर मान फिरवतात, मामा बॉलकडं बघतच नाहीत. लहानपणी मी त्यांच्याशेजारी बसून भडंग खात सामने बघायचो आणि मला वाटायचं, यांना नीट दिसत नसावं. बॉल एकीकडं आणि यांचं बोट भलतीकडं. मग थोड्या वेळाने, कधीकधी, बॉल त्या भलतीकडं यायचा. बऱ्याचदा यायचाच नाही, कारण खेळणाऱ्यांतलं कुणी मामांचं ऐकत नसे.

आमच्याकडं वी आला तो आतेभावामुळे. तो अमेरिकेत होता, सुट्टीला येताना पेटीत घालून घेऊन आला, आणि परत जाताना आम्हाला ठेवून गेला. अमेरिकेचं यंत्र म्हणजे अमेरिकेचा ११० व्होल्टचा करंट. सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात ते तसंच लावलं असतं तर धूर निघाला असता. गणपती पेठेतून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो विटेएवढा, विटेएवढाच जड, आणि खेळ चालू असेपर्यंत हूं करत बसायचा. शिवाय ते भारनियमनाचे दिवस. कुठल्या भागात किती वाजता लाइट जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि आमचे सामने त्या वेळापत्रकावर लागायचे. कॉलेजचे मित्र यायचे, दोन-तीन डाव खेळायचे आणि नाकं मुरडायचे. ते सगळे 'पीईएस ६' की-बोर्डवर खेळून तयार झालेले. बोटांना सवय लागलेली: अमुक बटण थ्रू, तमुक बटण लॉब. त्यांना ही खूण हळू वाटायची. "यार, ड्रिबल तरी करून दे," म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकट्याने तिघांना गुंगारा द्यायचा असेल तर हा गेम अगदीच रटाळ. खुणेच्या मागं धावणारा गडी नाजूक वळणं घेत नाही. ज्याला रोनाल्डिन्हो व्हायचं होतं त्याची निराशा ठरलेली.

मामांना रोनाल्डिन्हो व्हायचं नव्हतं. त्यांच्या हातात आम्ही आधी एकदा प्लेस्टेशनचा पॅड दिला होता. दोन काड्या, बटणांचा ढीग, अंगठे कुठं ठेवायचे तेच त्यांना कळेना. खेळाडू गोलगोल फिरला आणि बॉल बाहेर गेला. पॅड परत देत म्हणाले, "ह्यात फुटबॉल कुठं हाय ते सांग आधी." त्यामुळे वीचा रिमोट दिला तेव्हाही मला फार आशा नव्हती. त्यांनी तो नेहमीच्या टीव्हीचा रिमोट धरतात तसा धरला, टीव्हीकडं केला, मैदानावर खूण आली. खूण त्यांनी इकडंतिकडं फिरवून बघितली. मग बॉलवाल्याला सोडून तिसऱ्याच गड्यावर नेऊन ठेवली.

"ह्येला सरकवता येतंय का?"

"येतंय की. ए दाबून ओढा."

त्यांनी ओढला. तो गेला. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आयला, ऐकतंय हे."

मला तो दुपारचा एक हल्ला अजून जसाच्या तसा आठवतो. बॉल त्यांच्या लेफ्ट बॅककडं. मी समोर, माझी माणसं लावून उभा. मामा काहीच करेनात; बॅक बॉल घेऊन उभाच. मला वाटलं बटण सापडत नाही. तेवढ्यात त्यांची खूण माझ्या गोलापुढच्या त्यांच्या फॉरवर्डवर गेली आणि त्याला त्यांनी मागं, मध्यरेषेकडं ओढलं. असं कोण करतं? आपला गोल मारणारा माणूस आपणच लांब नेतो? माझा स्टॉपर निमूट त्याच्यामागं चालत पुढं आला. मग उजव्या विंगेचा गडी आत ओढला गेला, तिरका, स्टॉपर जिथून उठला होता त्या जागेच्या तोंडाशी. आणि मग बी. मैदानाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडं लांबलचक बॉल, रिकाम्या हिरवळीवर. तिथं कुणी नव्हतं आणि बॉल टप्पा घेईपर्यंत त्यांचा गडी तिथं होता. समोर फक्त माझा गोली. मी ओरडलो, "हलवा मामा, डावा हात हलवा!" मामांनी काही हलवलं नाही. ते रेलून बसले होते. त्यांचा गडी तसाच धावत गोलीच्या हातात जाऊन बॉल देऊन आला.

"गोल होता की हो मामा!"

"गेला तर गेला. जागा झाली का न्हाई ते बघ."

त्यांचे बरेचसे सामने शून्य-शून्य सुटायचे आणि ते खूश असायचे.

नन्चक झटकणं त्यांना कधीच रुचलं नाही, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. अख्ख्या गेमची ती एकच जागा होती जिथं कोनामीने इतरांसारखी शरणागती पत्करली. तोपर्यंत हात बोलत असतो, सांगत असतो, आणि ऐन गोलासमोर अचानक भडंगाचा डबा हलवल्यासारखा खुळखुळाट. फटक्याला ना जोर कळायचा ना पायाचा स्पर्श. जोरात झटका, हळू झटका, मनाला पटेल असा फरक मला कधी जाणवला नाही.

पण बाकीचं का पटत होतं, याचा मी बराच विचार केलाय. फुटबॉलमध्ये हात लावला तर फाऊल. थ्रो आणि गोली सोडले तर त्या खेळात हाताला कामच नाही, असं आपण म्हणतो. एकदा टीव्हीवर सामना लागला असताना बॉल सोडून हातांकडं बघा. मधला गडी पास द्यायच्या आधी दुसऱ्याला बोटाने सांगतो, तू तिकडं हो. पास मागणारा तळहात खाली करून जागा दाखवतो, इथं दे, पायात नको. कॉर्नरच्या वेळी गोली दोन्ही हातांनी माणसं लावतो. कोच रेषेवर उभा राहून हवेत नकाशे काढतो. बावीस जण आणि कडेचे सगळे सारखे काहीतरी दाखवत असतात. हाताला एवढं एकच काम आहे तिथं, आणि ते पायाच्या कामाइतकंच जुनं आहे. रिमोट झटकून मारलेली लाथ खोटी वाटते, कारण लाथ अशी नसते. बोटाने दाखवलेली जागा खोटी वाटत नाही, कारण मैदानावर ती अशीच दाखवतात. हॉलमध्ये सोफ्यावर बसून आणि मिरजेच्या भिंतीवर बसून मामांचा हात तंतोतंत तसाच हलत होता. फरक एवढाच की इथली पोरं सांगितलेलं ऐकत होती.

यावर मामांचा स्वतःचा एक आक्षेप होता आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. ते म्हणायचे, पोरं ऐकतात हाच दोष आहे. मैदानावर तू फॉरवर्डला सांगतोस मागं ये, तर तो येत नाही, कारण त्याला गोल मारायचाय. बॅकला सांगतोस वर जा, तर त्याला दम लागलेला असतो. कुणाचं घरी भांडण झालेलं असतं, कुणाला बूट चावत असतो. हे सगळं धरून जो जागा काढतो तो हाफ. "हितं काय, नुसतं वढलं की आलं." तरी रविवारी दुपारी जेवून झालं की सिटी बसने मिरजेहून विश्रामबागला यायचेच.

सेन्सर बारची कथा याच काळातली. टीव्हीसमोर एक काळी पट्टी ठेवायची, तिला नाव सेन्सर बार, पण तिच्यात काहीही जाणणारं नसतं. ती फक्त दोन टोकांना इन्फ्रारेड उजेड पाडते, डोळ्यांना न दिसणारा. खरा डोळा रिमोटच्या नाकात असतो. तिथला कॅमेरा ते दोन ठिपके बघतो, ते त्याला कुठं आणि किती तिरके दिसतात त्यावरून रिमोटचा रोख ठरतो. हात किती जोरात हलला ते सांगायला आत वेगळी चिप असते. ही सगळी अक्कल मला आली ती आमच्या बारची वायर उंदराने कुरतडल्यावर. सांगलीत तो बार मिळायचा प्रश्नच नव्हता. इंटरनेटवर वाचलं की दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं, ज्योतीत इन्फ्रारेड भरपूर असतं. त्या दिवशी घरात मेणबत्त्या संपलेल्या. लाइट आदल्या रात्रीच गेलेले.

मामांनी देवघराकडं बघितलं.

आई म्हणाली, "दादा, तू पण? देवाची निरांजनं टीव्हीपुढं?"

"अगं, देवाला काय, फुटबॉलच चाललाय न्हवं," मामा म्हणाले, आणि पितळेची दोन निरांजनं टीव्हीखालच्या फळीवर वीतभर अंतरावर ठेवली गेली. तूप आईने मोजून घातलं. खूण उमटली, अगदी व्यवस्थित. फक्त थरथरत होती. वर पंखा चालू होता, ज्योती हलत होत्या, आणि ज्योतीबरोबर आमचं मैदानावरचं बोट हलत होतं. पंखा बंद केला. एप्रिलातली सांगली, पंखा बंद, खिडक्या बंद, ट्रान्सफॉर्मरचं हूं, तुपाचा वास, आणि घामाने निथळत मामा आपला विंगर वर सरकवतायत. दिवेलागणीच्या आधी निरांजनं घासूनपुसून देवघरात परत जायला हवीत, एवढ्या अटीवर आईने ते चालवून घेतलं. पुढं नवा बार आला तो आतेभावाच्या पुढच्या फेरीत. त्यानंतरच्या दिवाळीत खूण परत वेड्यासारख्या उड्या मारायला लागली तेव्हा कारण शोधायला वेळ लागला नाही. टीव्हीमागच्या खिडकीत आईने पणत्या लावल्या होत्या आणि रिमोटला आता दोनाऐवजी चार-पाच ठिपके दिसत होते. दिवाळीपुरता फुटबॉल बंद.

पुढं गाडी परत लाथेकडंच वळली. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपला. हातात काही धरायचंच नाही, कॅमेरा तुमचं अख्खं अंग बघणार. 'किनेक्ट स्पोर्ट्स'मध्ये फुटबॉल होता, खरोखर पाय उचलून हवेत मारायचा. एका मित्राच्या फ्लॅटवर तो खेळलोय. कॅमेऱ्यापासून सहा फूट लांब उभं राहावं लागायचं. टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सहा फूट मागं सरकलं की पाठ शोकेसला लागते आणि पुढं टीपॉय. पहिली लाथ टीपॉयलाच. नीट लागली तरी पाय हवेतून मोकळाच परत येतो, बॉलचं वजन पायाला कळत नाही, आणि पायाला वजन कळलं नाही तर ती लाथ कसली? 'फिफा १३'ने किनेक्टचा वापर जरा शहाणपणाने केला. तिथं बोलून डावपेच बदलता यायचे, बदली खेळाडू मागवता यायचे, आणि रेफरीला शिवी दिली तर ती ऐकून त्याचा हिशोबही ठेवला जायचा. आमच्या भागात हा गेम अर्ध्या वेळेपर्यंत टिकला नसता. किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं. मग २०२२ मध्ये निन्टेन्डोनेच 'स्विच स्पोर्ट्स' काढला, त्यात मांडीला पट्टा बांधून त्यात जॉय-कॉन नावाचा छोटा रिमोट अडकवायचा आणि पेनल्टीसारखे फटके मारायचे. परत पाय. एवढी हुशार माणसं पायाचा नाद काही सोडत नाहीत.

प्लेमेकरची ती चाल वीवर २०१३ च्या आवृत्तीपर्यंत तग धरून होती. नंतर यंत्रच गेलं. मालिकेचं नावही २०२१ मध्ये बदलून 'ईफुटबॉल' झालं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते फोनवरच्या फुटबॉल गेमचं. आता तर रिमोटही नको, मैदान थेट बोटाखाली. जिथं पास हवा तिथं बोट टेकवावं, ज्याला पळवायचं त्याला बोटाने ओढावं. दाखवून खेळायला याहून सोयीचं काही असूच शकत नाही. आणि आमच्या कॉलनीतली पोरं काय करतात? काचेवर डाव्या कोपऱ्यात एक खोटी काडी, उजव्या कोपऱ्यात खोटी बटणं, आणि दोन्ही अंगठे त्यांवर. मैदान अंगठ्यांखाली झाकलेलं. बोटाने दाखवायची सोय त्या गेममध्येही आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बदलली जाते. माझ्या पुतण्याला मी विचारलं, असं का? म्हणाला, "काका, तसं खेळलं की मीच खेळतोय असं वाटत नाही." त्याचं वय दहा. त्याला अजून अडीच मिनिटांतच रस आहे आणि या वयात तेच योग्य आहे, असं मामा म्हणतात. हाफ व्हायला आधी फॉरवर्ड होऊन मार खावा लागतो म्हणे.

मामांचं वय आता पंच्याहत्तरीच्या पुढं. मिरजेहून एकट्याने सिटी बसने येणं बंद झालंय, आणि मैदानावर जाणंही हवा चांगली असेल तेव्हाच. मागच्या महिन्यात त्यांनीच विषय काढला. "ते वढायचं हाय का रं अजून?" यंत्र आहे. २०१९ च्या महापुरात इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, पण आमचा भाग उंचावर असल्यामुळे कपाटातला वी कोरडाच राहिला. डिस्कही आहे. नन्चकची वायर दोन ठिकाणी टेप लावून धरलीय. ट्रान्सफॉर्मर हूं करतो.

अडचण आहे टीव्हीची. वीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना आमच्या नव्या टीव्हीला लागत नाहीत. मध्ये लावायचा छोटा कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला, चित्र आलं, पण नवा टीव्ही ते स्वतःच्या पद्धतीने सजवून-धजवून दाखवतो आणि त्यात पाव सेकंद तरी मागं राहतो. हात तिकडं गेलेला असतो, खूण अजून इकडंच. सिनेमा बघायला हे चालतं, बोट दाखवायला चालत नाही. मामांच्या माळ्यावर त्यांचा जुना २१ इंची डबा टीव्ही आहे, मामी तो भंगारात द्यायच्या मागं लागल्यात. रविवारी ओळखीच्याचा टेम्पो घेऊन तो आणायला जातोय. पिक्चर ट्यूब चालू आहे, एवढं मामांनी लावून बघितलंय. उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग येतो म्हणे, नेमका विंगर उभा राहतो तिथं. मामा म्हणाले, हिरवळीवर हिरवा डाग, कुणाला कळतंय.